झाकून ठेवलेली कोकी

मी एका बेपत्ता माणसाच्या वाटणीचं खाऊन वाढलो. ही गोष्ट मला कळली तेव्हा मिसरूड फुटलं होतं आणि पोट तोवर चांगलं सुटलं होतं, त्यामुळे परत करण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. ती कोकी असायची. ज्यांना कोकी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गव्हाच्या पिठात कांदा, हिरवी मिरची, डाळिंबाचे वाळवलेले दाणे आणि हात सैल सोडून तूप घालायचं, जाडजूड थापायची, अर्धवट भाजून खाली उतरवायची, वरून सुरीने रेघा मारायच्या आणि पुन्हा तव्यावर टाकून हळूहळू खरपूस करायची. सिंधी बायका ती प्रवासाला बांधून देतात, कारण ती लवकर विटत नाही. आमच्या शेजारच्या लाजोमासी रोज संध्याकाळी दोन माणसांच्या स्वयंपाकात तीन कोक्या करत. तिसरी पितळी वाडग्याखाली झाकून ठेवत. सकाळी मी तोंड धुऊन बाहेर आलो की वाडगा उचलत आणि म्हणत, "दत्तू पुट, खाऊन घे." सिंधीत पुट म्हणजे मुलगा. मी खाऊन घेई. गार, जराशी चिवट, मिरची दाताखाली आली की जाग आणणारी. माझी समजूत अशी की माझ्या देखण्या वागणुकीवर खूश होऊन ही बाई खास माझ्यासाठी आदल्या दिवशीपासून तयारीला लागते. स्वतःबद्दलचे असले गैरसमज मी पुढेही आयुष्यभर जोपासले, पण इतका पौष्टिक गैरसमज पुन्हा लाभला नाही.

आम्ही मूळचे चाकणकडचे. आप्पांना पिंपरीत नव्या निघालेल्या औषधाच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही गाव सोडून कॅम्पात राहायला आलो. कॅम्प म्हणजे निर्वासितांच्या बराकी. लांबच लांब छपराखाली पत्रे आणि गोणपाटं ठोकून खोल्या पाडलेल्या. त्यातली एक खोली ज्या सिंधी कुटुंबाची होती ते उल्हासनगरला गेलं आणि खोली आम्हाला भाड्याने देऊन गेलं. म्हणजे पंधरा मैलांवरच्या गावातून आलेलो आम्ही भाडेकरू आणि घरदार सोडून समुद्रावरून आलेले ते आमचे मालक. आई याला फार हसायची. "आपली परिस्थिती निर्वासितापरीस वाईट हाय, हे लक्षात ठिवा," असं आप्पांना सांगायची. लाजोमासींची खोली पत्र्यापलीकडे. पत्रा इतका पातळ की पलीकडे शिंक आली तर अलीकडून 'सत्य' म्हणावं. पहाटे त्यांचं जपाचं पुटपुटणं, मग पापडाचं पीठ कुटल्याचा आवाज, मग कारखान्याचा भोंगा, मग पाण्याच्या नळावर बादल्यांची आणि बायकांची एकाच सुरातली खणखण. दुपारभर लाटणी फिरत. लाजोमासी पापड लाटून पोट भरायच्या, आणि थोड्याच दिवसांत आईही त्यांच्यासोबत पोळपाट घेऊन बसायला लागली. पापडखाराचा तो वास आजही कुठे आला तर मला आधी भूक लागते आणि मग वाईट वाटतं.

लाजवंती त्यांचं नाव. वय आईएवढंच, चणीने बारीक, नाकात लाल खड्याची चमकी, हातात लाल बांगड्या, कपाळाला टिकली. मुलगी कमला, माझ्यापेक्षा बरीच लहान, मराठी शाळेत जाणारी आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारी. लाजोमासी मराठी शिकल्या आमच्या आईकडून, त्यामुळे त्यांच्या सिंधी तोंडातून मावळातली मराठी निघे. पुण्याहून आलेल्या पापडाच्या व्यापाऱ्याला त्या, "न्हाई परवडत, शेठ, आमी का येडे हाय व्हय?" असं सुनवायच्या आणि तो बिचारा गोंधळून भाव वाढवून द्यायचा. नवऱ्याचा उल्लेख मात्र त्या सिंधीतच करत. 'कमला जो पीउ', म्हणजे कमलाचा बाप. कमला जो पीउ भेंडी खात नाही. कमला जो पीउ आला की पत्र्याला भोक पडलंय ते बुजवेल. मला वाटे, हा गृहस्थ मुंबईला नोकरीला असावा आणि फार आळशी असावा, कारण ते भोक बुजवायला तो काही येईना.

एके सकाळी कोकी खाता खाता मी आईला मोठ्या ऐटीत म्हणालो, "मासी माझ्यासाठी रोज एक कोकी राखून ठेवते. तू कधी ठेवलीस?" आईच्या हातातली झारी तशीच राहिली. तिने आधी पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाली, "भाड्या, ती तुझी न्हाई. ती तिच्या मालकाची हाय. संध्याकाळी त्याच्या नावानं ठिवती. तो येत न्हाई म्हणून सकाळी तुला देती. अन्न टाकवत न्हाई म्हणून." तो घास मला गिळता येईना आणि थुंकताही येईना. मग आईने मला सगळं सांगितलं, जे तिला पोळपाटावर तुकड्यातुकड्याने कळलं होतं. कराचीच्या बंदरात तो माणूस या दोघींना जहाजात बसवायला आला होता. कमला कडेवर. त्याची म्हातारी आई घर सोडायला तयार नव्हती, दुकानही विकायचं होतं. "पुढच्या जहाजानं येतो," असं म्हणाला. बायकोसाठी इकडे यायचा परवाना काढला तोही तात्पुरता, कारण तो लवकर मिळत होता, आणि तो म्हणाला, चार महिन्यांत सगळं निवळेल, कायमचा घेऊन काय करायचंय. या दोघी आधी देवळालीच्या कॅम्पात होत्या, तिथे त्याचं एक पत्र आलं. त्यानंतर काही नाही. दिराने इकडून तिकडून चौकशी केली, तर दुकानावर दुसऱ्याच माणसाची पाटी, घरात दुसरीच माणसं. म्हातारीचं काय झालं तेही कुणाला ठाऊक नाही. पुढे तो दीरही वारला.

दुसऱ्या दिवशी मी कोकी नको म्हणालो. लाजोमासींना वाटलं मला ताप आलाय. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा खायला लागलो. शरमेपेक्षा भूक मोठी असते, या विषयावर मला कुणी व्याख्यान द्यायला बोलावलं तर मी आजही जाईन.

त्या सुमारास मी मॅट्रिकला गणितात आपटलो होतो आणि आप्पा माझ्याशी फक्त भोंग्याच्या वेळी बोलत. म्हणजे भोंगा वाजत असताना काहीतरी म्हणत, ते मला ऐकू येत नसे, आणि त्यातच दोघांचं भलं होतं. अशा वेळी कॅम्पात लेलेवकील यायला लागले. पुण्यातल्या काही वकिलांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. निर्वासितांची कागदपत्रं फी न घेता करून द्यायची. दर रविवारी सकाळच्या गाडीने लेले उतरत, एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, दम्याने धापा टाकत टिकाण्याच्या ओट्यावर बसत. टिकाणा म्हणजे सिंध्यांचं मंदिर. पहिले काही रविवार त्यांच्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. फुकट म्हटल्यावर लोकांचा विश्वासच बसेना. सिंधी माणूस म्हणे, जो वकील पैसे घेत नाही त्याला कामच येत नसणार. आमची गावाकडची माणसं म्हणत, हा मतं मागायला आला असणार. लेले डबा खात, पेपर वाचत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. शेवटी एका म्हाताऱ्याने वैतागून विचारलं, "वकीलसाब, तुम्हाला घरी कुणी बसू देत नाही का?" लेले म्हणाले, "नाही. तुमचं काही असेल तर द्या, वेळ तरी जाईल." तिथून गर्दी सुरू झाली.

माझं अक्षर बरं म्हणून त्यांनी मला कच्चे मसुदे लिहायला बसवलं. पहिल्याच दिवशी एका सत्तरीच्या सिंधी आजोबांच्या जन्मस्थळापुढे मी ठळक अक्षरात 'पिंपरी' लिहिलं. लेल्यांनी चष्मा वर केला. "दत्तोबा, हे जन्माने पिंपरीचे असतील तर यांना पाटीलकी मागून देऊ. अर्ज कशाला?" सगळा ओटा हसला. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी मला त्यांच्या गावाचं नाव सांगितलं, मग नदीचं, मग गल्लीचं, मग शेजाऱ्याचंही. लिहायला एवढी जागा नव्हती. लेले म्हणाले, "लिही. मागच्या बाजूला लिही. पुढे कुणी वाचणार नाही, पण लिही." कायद्याचा असा उपयोग मी त्यानंतर कुठे पाहिला नाही.

मला समजलं तेवढं असं होतं की जे लवकर आले ते आपोआप इथले झाले, आणि जे नंतर परवान्यावर आले त्यांना अर्ज करून, शपथ घेऊन इथलं व्हायचं होतं. लाजोमासींचा परवाना तात्पुरता. तो दर वेळी वाढवून घ्यावा लागे. पोलीस चौकशीला येई, पापड नेई आणि जाताना "या खेपेला कठीण आहे" असं म्हणून जाई. त्या वर्षी तर तो पापड न घेताच गेला, तेव्हा आई घाबरली. वाढ मिळाली नाही तर मायलेकींनी परत जायचं. कुठे, ते कायद्याला ठाऊक असेल. तिथे त्यांचं कुणी नव्हतं. कमला तर मराठीत स्वप्नं बघत होती. पत्र्यापलीकडून तिचं झोपेतलं बोलणं ऐकू यायचं, त्यावरून सांगतो.

आईनेच लाजोमासींना ओट्यावर नेलं. लेल्यांनी कागद पाहिले, बराच वेळ खोकले आणि म्हणाले, "बाई, एक अडचण आहे. लग्न झालेल्या बाईचं ठिकाण तेच, जे तिच्या नवऱ्याचं. कायदा असं धरतो. तुमचे यजमान तिकडे आहेत म्हटलं, तर कायदा म्हणेल तुम्हीही तिकडच्याच."

"मी तर हिथं बसली हाय, वकीलसाब," लाजोमासी म्हणाल्या.

"ते मला दिसतंय. कायद्याला दिसत नाही."

"मंग त्याला चष्मा द्या की," आई म्हणाली.

लेले हसले नाहीत. "दुसरी वाट आहे. ज्याची सात वर्षं काही खबर नाही, तो हयात नाही असं कायदा मानू शकतो. तसं शपथेवर सांगितलंत, तर तुम्ही स्वतःच्या पायावर उभ्या. मग तुमचा अर्ज तुमचा. मुलगी तुमच्यामागे." हे बोलताना ते छत्रीच्या मुठीकडे पाहत होते. आईने लाजोमासींचा हात धरला. लाजोमासींनी तो सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लिहा. काय लिहायचं ते लिहा. कागदावर मेला म्हणून माणूस थोडाच मरतो." त्या दिवशी संध्याकाळी पत्र्यापलीकडे तीन वेळा थापल्याचा आवाज आला. मी कान देऊन ऐकत होतो. तिसरी कोकी झाली, आणि वाडगा पालथा घातल्याचं टण्ण झालं, तेव्हा मला हायसं वाटलं. त्यांचं खरंच होतं. कागद कागदाच्या जागी, वाडगा वाडग्याच्या जागी.

लेल्यांची एक पद्धत होती. कचेरीत जाण्याआधीच्या रविवारी ते स्वतः साहेब होत आणि अर्जदाराला समोर उभं करून प्रश्न विचारत. म्हणजे ऐन वेळी माणूस बावचळत नाही. लाजोमासींनी नाव, गाव, जहाज, कॅम्प, सगळं खडाखडा सांगितलं. लेले म्हणाले, "पतीचं नाव?" लाजोमासी कमलाकडे पाहायला लागल्या. कमलाने तोंड उघडताच लेल्यांनी बोट वर केलं. "त्यांनी सांगायला हवं. साहेब आता बाईच्याच तोंडून ऐकायचं म्हणतात. कुणी तरी खोल्या लाटायला दुसऱ्याच्या बायका आपल्या म्हणून उभ्या केल्या, तेव्हापासून."

"तुम्ही लिवलंय ना," लाजोमासी म्हणाल्या.

"लिहिलंय. पण म्हणा."

त्या म्हणेनात. मान खाली. आता मी वाचकांना काय सांगू? आमच्या आयाही नवऱ्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं म्हणत. माझ्या आईला तर आप्पांच्या नावाच्या वाराचाही उच्चार करता येत नसे, त्यांचं नाव सोमा. ती 'रविवारच्या फुडला' म्हणायची. तेव्हा आईनेच तोड काढली. "अवो वकीलसाहेब, बाई नाव कसं घेईल उघडंबोडकं? उखाण्यात घेऊ द्या की."

लेल्यांनी विचारलं, "कचेरीत उखाणा?" मग म्हणाले, "कायद्यात मनाई नाही."

झालं. ओट्यावर मीच एक कवी. म्हणजे मी स्वतःला तसा समजत होतो, आणि गणितात नापास झालेल्या माणसाला दुसरं काही समजायला फारशी जागा नसते. नवऱ्याचं नाव टेकचंद. मी आभाळाकडे बघत, पेन्सिल चावत, ओट्यावर येरझाऱ्या घालत रचलं:

चंदनाच्या खोडाला सुटला सुगंध,
सिंधूच्या काठचे माझे टेकचंद.

चंदनाचं झाड मी तोवर पाहिलेलं नव्हतं आणि सिंधूही नाही. लेले म्हणाले, "सुगंधाला चंद जरा लंगडतोय, पण चालेल. दत्तोबा, तुझी कविता सरकारदरबारी रुजू होणार." मी फुगून कुप्पा झालो. तो सबंध आठवडा आमच्या बराकीत लग्नघर होतं. बायका पोळपाटाभोवती बसून लाजोमासींना उखाणा म्हणायला लावत. त्या लाजत, लाटण्याने मारायला धावत, 'चंदनाच्या खोडाला'पासून सुरुवात करत आणि 'माझे' म्हणून तोंडावर पदर घेत. शेवटचा शब्द काही यायचा नाही. "अगं घे की, काय तिथं सासू बसलीय का तुझी?" "पुढचं कचेरीत घेईन," म्हणत. इतक्या वर्षांत त्यांना मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. गालांवर लाली, बांगड्यांची किणकिण, नव्या नवरीगत. कुणी म्हणालंही, "कमलाच्या बापानं आता बघायला पायजे." आणि सगळ्याजणी हसल्या, त्याही. आज मागे वळून पाहतो तर वाटतं, एवढ्या बायका, एक वकील आणि एक कवी, कुणाच्याच ध्यानात कसं आलं नाही?

आईच्या ध्यानात आलं, पण गाडीत. पुण्याला निघालो होतो. लाजोमासी, कमला, आई आणि मी. लेले कचेरीतच भेटणार होते. लाजोमासींनी जपून ठेवलेलं गुलाबी लुगडं नेसलं होतं. खिडकीबाहेर बघत ओठांतल्या ओठांत उखाणा घोळवत होत्या. दापोडीचा पूल लागला, गाडीचा आवाज पोकळ झाला, आणि आईने एकदम माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मला वाटलं तिचं काहीतरी हरवलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दत्त्या, उखाणा कोण घेतं रं?"

"बायका," मी म्हणालो.

"कुठल्या बायका?"

उखाणा सवाष्णीचा. ज्या बाईला जाऊन सांगायचं होतं की माझा नवरा हयात नाही, तिला आम्ही आठवडाभर हौसेने, हसतखेळत, सवाष्णीने नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं ते शिकवत होतो. आईने पदराचा बोळा तोंडात धरला. "सांगू का तिला?" ती म्हणाली. "न्हाई, आता काय सांगू?" तिने काही सांगितलं नाही. मीही नाही. पूल संपला.

कचेरीत बाकावर बराच वेळ बसलो. मग आत बोलावलं. साहेब मराठीच होते, चांगले होते, हेही सांगितलं पाहिजे. दमलेले, टेबलावर पाण्याचा पेला, शेजारी एक कारकून. त्यांनी सगळं सौम्यपणे विचारलं. लाजोमासींनी नीट उत्तरं दिली. मग ते म्हणाले, "पतीचं नाव सांगा."

लेले पुढे झाले. "साहेब, आमच्यात रीत अशी की..."

"रीत मला ठाऊक आहे, वकीलसाहेब. माझ्याही घरात आहे. पण मला त्यांच्या तोंडून ऐकावं लागेल. कसंही सांगू देत."

लाजोमासींनी आईकडे पाहिलं. आईने खाली पाहिलं. लाजोमासी सावरून उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर नीट घेतला, आणि त्यांच्या त्या सिंधी-मावळी मराठीत म्हणायला लागल्या, "चंदनाच्या खोडाला सुटला सुगंध." कारकुनाने मान वर केली, त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. चांगलं हसू होतं ते, लग्नात येतं तसलं. "सिंधूच्या काठचे माझे..." आणि त्या थांबल्या.

आम्हाला वाटलं लाजल्या. पण त्यांनी तोंडावर पदर घेतला नाही. समोरच्या पेल्यातल्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटतं, जे आईला पुलावर कळलं ते त्यांना त्या 'माझे'पाशी कळलं. की आधीपासूनच कळलं होतं आणि तो एक आठवडा त्यांनी स्वतःला दिला होता? मी कधी विचारलं नाही. विचारण्याजोगं नव्हतं. कमला त्यांच्या लुगड्याला धरून उभी होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि यमक नाही, लाज नाही, 'माझे'सुद्धा नाही, अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "टेकचंद."

त्यांच्या तोंडून तो शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. कारकुनाचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याच्याही घरात आई असणार.

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि घसा साफ केला. "टेकचंद हे हयात नाहीत असं तुम्ही शपथेवर मानता?"

"नाव घेतलं ना, साहेब," लाजोमासी म्हणाल्या. "आता आणखी काय विचारता?"

साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. लिहिलं. मग त्यांनी लाजोमासींकडून देशाशी निष्ठेची शपथ म्हणवून घेतली. ती त्यांनी न अडखळता, शाळेतल्या मुलीसारखी म्हटली. लेले बाहेर आल्यावर भिंतीला टेकले आणि खूप वेळ खोकत राहिले. दम्याचा खोकला आणि दुसरा खोकला यातला फरक मला तेव्हा कळत नव्हता. "झालं, बाई," ते म्हणाले. "आता तुम्हाला कुणी जा म्हणणार नाही." लाजोमासींनी पिशवीतून पापडांची चळत काढून त्यांच्यापुढे धरली. मंडळाचा नियम होता, काही घ्यायचं नाही. माझ्यादेखत त्यांनी कितीतरी लोकांचे पापड परत केले होते. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात पुढे करून घेतले.

परतीच्या गाडीत कमलाने विचारलं, "बाबाचं नाव घेतलं तर काय होतं?" आई म्हणाली, "काय न्हाई होत, बाळ. झोप." घरी आल्यावर लाजोमासींनी बांगड्या फोडल्या नाहीत, आमच्याकडे फोडतात तशा. पापडाच्या पिठाला हात लावताना काढतात तशा एकेक करून काढल्या आणि आईच्या हातात दिल्या. "जपून ठिव. कमलाच्या लग्नात लागतील." त्या बांगड्या कमलाच्या लग्नात लागल्या. कमला आता आजी आहे, पिंपरीतच दोन दुकानं आहेत तिची, आणि माझ्या लग्नपत्रिकेपासून नातवाच्या पत्रिकेपर्यंत सगळ्यांतलं शुद्धलेखन तिने सुधारलं आहे. आमच्या बराकीच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. परवा तिथे रांगेत कुणीतरी कुणाला 'बाहेरचे' म्हणालं. मी काही बोललो नाही. मी तर तिथला भाडेकरू.

कचेरीतून परतलो त्या संध्याकाळी मी पत्र्याला कान लावून बसलो होतो. दोनदा थापल्याचा आवाज आला. मग तवा उतरवल्याचा. वाडगा वाजला नाही.

सकाळी सवयीने तोंड धुऊन बाहेर आलो. वाडगा घासूनपुसून फळीवर चढवलेला दिसला. मी उगीच आकाशाकडे बघितल्यासारखं केलं आणि मागे वळलो.

"दत्तू पुट, कुटं चाललास?"

लाजोमासी चुलीपुढे बसल्या होत्या. तव्यावर एक कोकी होती, रेघा मारलेली, तूप सुटलेली. माझं डोकं असं की गप्प बसायच्या जागी ते नेमकं चालतं. मी विचारलं, "ही कुणाची?"

त्यांनी ती उलथण्याने उचलली, ताटलीत टाकली आणि माझ्यापुढे सरकवली. "तुझी," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी केली."

तोवर मला गरम कोकी कशी लागते हे ठाऊकच नव्हतं. मी घाईने मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि माझी जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं, आणि लाजोमासींनी काही विचारायच्या आत मी जिभेकडे बोट दाखवलं.